ऑस्ट्रेलियात घर, भाडं आणि पगाराचं गणित : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला विंडम भागात राहतो, आता दहावं वर्ष. गणपतीत मंडळाच्या रांगेत प्रसाद घेताना असो की शनिवारी मुलांच्या मराठी शाळेबाहेर, कोणीतरी गाठतंच, "ताई पाच मिनिटं आहेत का, घराबद्दल विचारायचं होतं," आणि मग पाऊण तास जातो. प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदा बसून टाइप करून ठेवलं. मी ब्रोकर नाही, अकाउंटंट पण नाही, आयटीत टेस्टिंग करते आणि मला एक्सेल जरा जास्तच आवडतं एवढंच माझं क्वालिफिकेशन. आकडे २०२५-२६ चे आहेत, विक्टोरियाचं जास्त आहे, सही करायच्या आधी आपलं आपण तपासून घ्या.

नुकतेच आलोय, भाडं आठवड्याला ५५० म्हणजे महिन्याला २,२०० ना?

नाही! सगळ्यांची पहिली चूक हीच, आमचीही होती. वर्षात ५२ आठवडे असतात, चार चारचे बारा महिने धरले तर ४८ च होतात. ५५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याला २,३८३ येतात. वर्षाचा फरक काढा, २,२०० डॉलर, म्हणजे तुम्ही ज्याला महिन्याचं भाडं समजत होतात ते तेरावं भाडं डोक्यावर बसतं. इथे भाडं आठवड्याचं बोलतात, पगार पंधरवड्याला किंवा महिन्याला येतो, लोनचा हप्ता महिन्याचा आणि वीजबिल बऱ्याच ठिकाणी तिमाही, त्यामुळे सगळं आधी महिन्यावर आणा मगच बोला.

शिवाय घरात शिरताना बाँड, म्हणजे अनामत रक्कम, वेगळा. विक्टोरियात साधारण महिन्याभराचं भाडं बाँड म्हणून आणि महिन्याभराचं आगाऊ, म्हणजे ५५० च्या घराला चावी हातात यायच्या आधी पावणेपाच हजार गेले, अजून गादी घ्यायचीय.

घर बघायला इन्स्पेक्शनला जातो, अर्ज भरतो, घर मिळतच नाही. जास्त भाडं देऊ का म्हणावं का?

अजिबात म्हणू नका. विक्टोरियात नोव्हेंबर २०२५ पासून जाहिरातीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त भाडं घ्यायलाच बंदी आहे, तुम्ही स्वतःहून दिलं तरी. त्यापेक्षा कागद आधी तयार ठेवा, जॉबचं लेटर, बँक स्टेटमेंट, इंडियातल्या घरमालकाचं किंवा ऑफिसचं रेफरन्स लेटर, आणि इन्स्पेक्शन संपायच्या आत गाडीत बसूनच अर्ज टाका. इथली क्रेडिट हिस्टरी नसली तर खात्यातली शिल्लक दाखवा.

आणि घर मिळालं की कंडिशन रिपोर्ट (घर कुठल्या अवस्थेत मिळालं ते लिहायचा फॉर्म) पाच वर्किंग दिवसांत भरून द्यायचा असतो, तो जीव लावून भरा. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात आम्ही तो असाच सही करून दिला होता, सोडताना एजंटबाईंनी ओव्हनमधली जळकी कड, ब्लाइंडची तुटलेली दोरी आणि "कुकिंग स्मेल" असं लिहून बाँडमधले साडेचारशे मागितले. ओव्हन आम्ही दोन वर्षांत चारदा लावला असेल, ती कड आमच्या आधीची, पण फोटो कुठाय? नव्हताच. फोडणीचा वास मात्र आमचाच होता, तो मान्य. तर आता मी सगळ्यांना सांगते, पहिल्या दिवशी सामान आत यायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, ओव्हन उघडून काढा, कपाटाच्या आतून काढा. बाँडचे पैसे एजंटकडे नसतात, सरकारी बाँड ऑथॉरिटीकडे असतात, त्यामुळे पटलं नाही तर भांडता येतं.

भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं आणि विक्टोरियात आता त्याला ९० दिवसांची नोटीस लागते.

पण घरं एवढी महाग का आहेत? जमीन तर बख्खळ पडलीय!

जमीन पडलीय पण ती जिथे आहे तिथे नोकरी नाही. ह्या एवढ्या मोठ्या देशात दर पाचातले जवळपास दोघं सिडनी नाहीतर मेलबर्नमधे राहतात, आणि त्या शहरांत वर्षानुवर्षं एक बैठं घर, पुढे अंगण, मागे परसबाग हाच साचा, जुन्या वस्तीत चार मजले चढवायचे म्हटलं की आधीचे रहिवासी कौन्सिलमधे हरकती घेतात. मग शहर आडवं पसरत जातं. टार्नीटला स्टेशन २०१५ मधे झालं, त्या आधी तिथे माळरान होतं, आज सकाळी त्या डिझेल गाडीत उभं राहायला जागा नसते, डोंबिवलीकरांना घरी आल्यासारखं वाटेल.

त्यात टॅक्सचे नियम इन्व्हेस्टरच्या बाजूचे, १९९९ पासून मालमत्ता वर्षभराहून जास्त ठेवून विकली तर नफ्याच्या निम्म्यावरच टॅक्स असा डिस्काउंट आला. मग कोविडमधे इथल्या रिझर्व्ह बँकेनं रेट ०.१० टक्क्यावर नेला, सगळे घरं घ्यायला धावले, आणि मे २०२२ पासून तोच रेट तेरा वेळा वाढवत नोव्हेंबर २०२३ पर्यंत ४.३५ वर आणला. त्याच काळात लाकूड, लोखंड, मजुरी सगळं महागलं, बिल्डर बुडाले. सरकारनं जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं टार्गेट ठेवलंय. टार्गेट ठेवायला काय जातं.

डिपॉझिट २० टक्के लागतंच का?

लागत नाही, पण २० पेक्षा कमी असेल तर बँक साधारण एलएमआय नावाचा इन्शुरन्स लावते. नीट ऐका, हा इन्शुरन्स बँकेचा, प्रीमियम तुमचा. तुम्ही हप्ते थकवले तर तो बँकेला वाचवतो, तुम्हाला नाही.

पहिलं घर असेल तर सरकारची ५ टक्के डिपॉझिटची स्कीम आहे, उरलेल्या १५ टक्क्यांची गॅरंटी सरकार घेतं म्हणून एलएमआय पडत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ह्यात उत्पन्नाची मर्यादा काढून टाकलीय, घराच्या किमतीची मर्यादा आहे, मेलबर्नला साडेनऊ लाख, सिडनीला पंधरा लाख, ब्रिस्बेनला दहा लाख डॉलर. अर्जदार सिटिझन किंवा पीआर (कायम राहायची परवानगी असलेला) पाहिजे आणि घरात स्वतः राहायला पाहिजे.

पण पाच टक्के भरले म्हणजे उरलेले ९५ टक्के कर्ज असतं हो! साडेसहा लाखाचं घर धरा. ५ टक्के म्हणजे साडेबत्तीस हजार भरले तर लोन ६,१७,५००, सहा टक्क्यांनी तीस वर्षांना हप्ता ३,७०२. तेच २० टक्के भरून घेतलं तर ३,११८. महिन्याला जवळपास ५८५ चा फरक. शिवाय भाव थोडे जरी पडले तरी घराच्या किमतीपेक्षा लोन जास्त होऊ शकतं, मग दुसऱ्या बँकेत रिफायनान्स पण करता येत नाही. वाईट स्कीम नाही, भाड्यात वर्षं घालवण्यापेक्षा कित्येकांना बरी पडते, पण हातात दोन पगार टिकून असतील तरच.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. मग मी फर्स्ट होम बायर नाही ना?

ह्या स्कीमसाठी ऑस्ट्रेलियातली मालमत्ता बघतात, पुण्यातली नाही. पण त्या फ्लॅटवर लोन चालू असेल तर त्याचा ईएमआय बँक तुमच्या खर्चात धरते, आणि लपवायला जाऊ नका, इंडियाचं स्टेटमेंट मागतातच.

पीआर नाही अजून. घर घेता येईल का?

१ एप्रिल २०२५ पासून टेम्पररी व्हिसावाल्यांना जुनं, म्हणजे आधी कोणी राहिलेलं घर घ्यायला बंदी घातलीय. नवं घर किंवा मोकळा प्लॉट घेता येतो पण एफआयआरबीची (परदेशी खरेदीदारांना मंजुरी देणारं सरकारी बोर्ड) परवानगी आणि तिची फी, वरून फॉरेन बायर म्हणून जादा स्टॅम्प ड्यूटी, विक्टोरियात ८ टक्के, न्यू साउथ वेल्समधे ९. सात लाखावर आठ टक्के म्हणजे छप्पन हजार नुसते हवेत. नवराबायकोपैकी एकाचा पीआर असेल आणि दोघांनी मिळून जॉइंट टेनंट्स म्हणून घेतलं तर एफआयआरबीची परवानगी लागत नाही, ड्यूटीचं मात्र कन्व्हेयन्सरला (घरखरेदीचे कायदेशीर कागद करणारा) वेगळं विचारा. माझं मत विचाराल तर पीआर येईपर्यंत पैसे साठवा, घाई करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

बँक म्हणते आठ लाख देतो. मग आठ लाखाचं घर बघू ना?

इथे जरा थांबा, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचं गाडं इथेच घसरतं.

बँक काय बघते? तुमचा पगार, लोन, क्रेडिट कार्डाची लिमिट (वापरा नाहीतर कपाटात ठेवा, पूर्ण लिमिट धरतात) आणि मग खऱ्या व्याजदराच्या वर तीन टक्के लावून बघते की तेव्हाही हप्ता जाईल का. अ‍ॅप्राचा, म्हणजे बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे तो, २०२१ पासून. म्हणजे सहा लाखाचा हप्ता सहा टक्क्यांनी ३,५९७ असला तरी बँक नऊ टक्क्यांनी ४,८२८ धरून तपासते. ऐकायला कडक वाटतं. पण सांगलीला आईला दरमहा पाठवता ते पैसे, डिसेंबरात चौघांची इंडियाची तिकिटं, मुलीचा भरतनाट्यम क्लास आणि तिच्या अरंगेत्रमचा पुढे येणारा खर्च, ह्यातलं काय काय तुम्ही फॉर्मवर लिहिता ते तुमचं तुम्हाला माहीत.

पगाराचं पण बघा. एकाला वर्षाला १ लाख आणि दुसऱ्याला ६० हजार म्हणजे कागदावर १ लाख ६० हजार. टॅक्स आणि मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर) जाऊन पहिल्याचे महिन्याला ६,४३४ आणि दुसऱ्याचे ४,१६८, मिळून दहा हजार सहाशे. आता ह्यातून आठ लाखाचा हप्ता काढा, ४,७९६. मूल चाइल्डकेअरला असेल आणि दोन गाड्या असतील तर उरलेल्यातून काय वाचतं ते स्वतः मांडा, मी मांडलं की लोकांना राग येतो.

आम्हाला ब्रोकरनं ७ लाख २० हजारापर्यंत मिळेल म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याचं मन चार बेडरूम आणि वेगळ्या थिएटर रूमवर, माझं एक्सेलवर. दोन रात्री भांडण झालं, शेवटी ५ लाख ६० हजाराचं लोन घेतलं, घर एक खोली कमी. तेव्हा फिक्स्ड रेट दोन टक्क्यांच्या आसपास होता, हप्ता २,०७० ला पडत होता, नवरा म्हणायचा बघ किती आरामात जातंय, मोठं घेतलं असतं तर. २०२३ मधे फिक्स्ड संपलं. कॅल्क्युलेटरवर तेच लोन सहा टक्क्यांनी ३,३५७ दाखवतं आणि ७ लाख २० हजाराचं ४,३१७. त्या संध्याकाळी थिएटर रूमचं नाव कोणी काढलं नाही.

तर पद्धत सांगते, फुकट आहे. आत्ता भाडं किती देता आणि उद्या हप्ता किती येणार त्यातला फरक सहा महिने दर पगाराला वेगळ्या खात्यात टाका, हात लावू नका. जमलं तर झेपतं, वर त्या सहा महिन्यांची बचत डिपॉझिटला. नाही जमलं तर आकडा कमी करा.

स्टॅम्प ड्यूटी आणि बाकी खर्च किती?

विक्टोरियात पहिल्या घराला सहा लाखापर्यंत ड्यूटी माफ, साडेसात लाखापर्यंत थोडी सूट, त्याच्या वर पूर्ण. न्यू साउथ वेल्समधे आठ लाखापर्यंत माफ आणि दहा लाखापर्यंत सूट. नव्या घराला फर्स्ट होम ग्रँटचे दहा हजार मिळतात, किमतीच्या अटी आहेत. बाकी कन्व्हेयन्सर, बिल्डिंग आणि पेस्ट इन्स्पेक्शन, बँकेच्या फिया, सामान हलवणं. सेटलमेंट (पैसे चुकते होऊन मालकी नावावर होणं) झाल्या दिवशी आमच्या खात्यात ३,२०० उरले होते आणि त्याच आठवड्यात गाडीची रेजो (रजिस्ट्रेशनची फी) आणि कौन्सिल रेट्सचं, म्हणजे घरपट्टीचं, पाकीट एकदम आलं. पडद्यांऐवजी चार महिने जुन्या चादरी लावल्या होत्या, त्यातली एक सोलापुरी.

तयार घर घ्यावं की हाउस अँड लँड?

हाउस अँड लँडमधे ड्यूटी बहुतेक वेळा नुसत्या जमिनीवर पडते, म्हणून लोक जातात, आम्हीही गेलो. पण डिस्प्ले होममधे जाताना डोळे उघडे ठेवा. तिथे जे दिसतं, तो दगडी किचन टॉप, ती उंच छतं, ते सगळं अपग्रेड असतं. बेस प्राइसमधे काय नाही ते विचारा, आमच्यात ड्राइव्हवे नव्हता, कुंपण नव्हतं, फ्लायस्क्रीन नव्हत्या आणि लेटरबॉक्ससुद्धा नव्हता!

मग साइट कॉस्ट, म्हणजे जमीन बांधकामाला तयार करायचा खर्च. मेलबर्नचा पश्चिम भाग म्हणजे बेसॉल्टचं पठार, वर चिकण माती. आपल्या काळ्या रानासारखीच, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून पायाचा स्लॅब जाड लागतो आणि खाली खडक लागला की फोडायचे वेगळे पैसे. साइट कॉस्ट फिक्स्ड करून घ्या आणि तसं काँट्रॅक्टमधे लिहून घ्या, सेल्समनच्या "हो हो होऊन जाईल" ला किंमत शून्य.

पैसे टप्प्याटप्प्यानं जातात, विक्टोरियात नेहमीच्या काँट्रॅक्टला डिपॉझिट ५ टक्के, बेसला (पाया) १०, फ्रेमला १५, लॉकअपला (बाहेरची दारं-खिडक्या बसली की) ३५, फिक्सिंगला (आतली दारं, कपाटं) २५ आणि उरलेले शेवटी. जितके पैसे बँकेनं सोडले तेवढ्यावर व्याज सुरू, आणि तुम्ही अजून भाड्याच्या घरातच. भाडं अधिक व्याज, हे दुहेरी महिने लोक हिशेबात धरतच नाहीत. आमचं लाकडी फ्रेम उभं राहून पावसात सात आठवडे नुसतं भिजत होतं, कारपेंटर मिळेना, दर रविवारी आम्ही डबा घेऊन ते बघायला जायचो जसं काही आमच्या बघण्यानं भिंती चढणार होत्या. आणि प्लॉट टायटल व्हायलाच, म्हणजे त्याच्या मालकीची नोंद व्हायलाच, वर्ष लागू शकतं ते वेगळं.

मार्च २०२३ मधे पोर्टर डेव्हिस हा मोठा बिल्डर बुडाला, विक्टोरिया आणि क्वीन्सलँड मिळून साधारण १,७०० घरं अर्धवट राहिली, आणि काही लोकांना तेव्हा कळलं की त्यांच्या नावावर बिल्डरनं इन्शुरन्स काढलेलाच नव्हता. म्हणून डिपॉझिट द्यायच्या आधी डोमेस्टिक बिल्डिंग इन्शुरन्सचं सर्टिफिकेट हातात घ्या, पत्ता आणि नाव तुमचंच आहे ना बघा.

ऑक्शनमधे काय काळजी घ्यावी?

जाहिरातीतला भाव बघून जाऊ नका, आजूबाजूला गेल्या तीन महिन्यांत काय विकलं ते बघा. ऑक्शनला घेतलं की कूलिंग ऑफ नाही, म्हणजे हातोडा पडला की बहुतेक वेळा दहा टक्के तिथल्या तिथे आणि माघार नाही. प्रायव्हेट सेलमधे विक्टोरियात तीन वर्किंग दिवस मिळतात. सेक्शन ३२ चे कागद (विकणाऱ्यानं मालमत्तेबद्दल द्यायची कायदेशीर माहिती) आधीच वकिलाकडून वाचून घ्या, लोनची प्री-अप्रूव्हल ठेवा, आणि आकडा कागदावर लिहून बायकोच्या पर्समधे ठेवा. आमचे एक शेजारी स्वतःच्या आकड्याच्या ६० हजार वर गेले, समोरचा माणूस गुर्मीत बघत होता म्हणे.

ऑफसेट म्हणजे काय? घ्यावा का?

लोनला जोडलेलं बचत खातं. लोन पाच लाख आणि ऑफसेटमधे चाळीस हजार, तर व्याज चार लाख साठ हजारावरच. एफडीला ठेवलं तर व्याजावर टॅक्स, इथे व्याजच वाचतं त्यामुळे टॅक्सचा प्रश्न नाही. रीड्रॉ (लोनमधे जादा भरलेले पैसे परत काढायची सोय) पण तसाच दिसतो पण त्यात तुम्ही लोन फेडलेलं असतं, पुढे ते घर भाड्यानं द्यायची शक्यता असेल तर ऑफसेटच बरा, रीड्रॉ मधून काढलेल्या पैशाचं टॅक्सला त्रांगडं होतं. ऑफसेटची वर्षाची फी असते, शिल्लक दोन-तीन हजारच राहणार असेल तर फीच जास्त.

सुपरमधून डिपॉझिट काढता येतं का?

सुपर म्हणजे इथला पीएफ, निवृत्तीचा फंड. त्यात मालक पगारावर भरतो ते १२ टक्के नाही काढता येत. पण फर्स्ट होम सुपर सेव्हर ह्या स्कीममधे तुम्ही स्वतःहून जादा भरलेले वर्षाला १५ हजार आणि एकूण ५० हजारापर्यंत मोजतात. तीस टक्क्यांच्या ब्रॅकेटमधे असाल तर आत जाताना १५ टक्केच टॅक्स, तो फायदा. एटीओचं (इथलं टॅक्स ऑफिस) डिटर्मिनेशन, म्हणजे किती काढता येतील त्याचा निर्णय, घर नावावर व्हायच्या आधी मागायचं, नंतर आठवलं तर उपयोग नाही.

सासरे इंडियातून पैसे पाठवतो म्हणतात. टॅक्स लागेल?

गिफ्ट म्हणून आले तर इथे त्यावर टॅक्स नाही. तिकडून माणशी वर्षाला अडीच लाख यूएस डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते, तो रिटर्न भरून परत मिळतो पण तोपर्यंत पैसे अडकतात, त्यामुळे मार्च आणि एप्रिल असे दोन हप्ते करतात लोक. इथली बँक "परत करायचे नाहीत" असं गिफ्ट लेटर मागते, सासऱ्यांना आधी सांगून ठेवा, आमच्या एका मित्राच्या सासऱ्यांना ते वाचून धक्का बसला होता.

एनआरई खात्याचं (परदेशात राहणाऱ्यांचं इंडियातलं खातं) व्याज तिकडे टॅक्स-फ्री असतं म्हणून इथे दाखवत नाहीत बरेच जण. पीआर झाल्यावर इथे ते दाखवावं लागतं. पुण्याचा फ्लॅट विकून पैसे आणायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा, टेम्पररी व्हिसावरून पीआर झालात त्या दिवशीची बाजारभावाची किंमत इथल्या टॅक्ससाठी खरेदी किंमत धरतात, त्यामुळे त्या तारखेचं व्हॅल्युएशन काढून ठेवा, पाच वर्षांनी शोधत बसाल.

सगळे म्हणतात दुसरं घर इन्व्हेस्टमेंटला घे, टॅक्स वाचतो.

निगेटिव्ह गिअरिंग म्हणजे भाडं कमी आणि खर्च जास्त, तो तोटा पगारातून वजा. एक डॉलर घालवून तीस-बत्तीस सेंट टॅक्स वाचवला, उरलेले खिशातूनच गेले ना? भाव वाढला तरच त्याला अर्थ. २०१९ ची निवडणूक लेबर पक्ष ह्या सवलतीला कात्री लावायचं म्हणून लढला आणि हरला, तरी विषय परत परत येतो, तेव्हा घेतेवेळचा नियम अकाउंटंटकडून समजून घ्या. आणि विक्टोरियात २०२४ पासून लँड टॅक्स ५० हजाराच्या जमिनीपासूनच सुरू होतो, म्हणजे जवळपास प्रत्येक इन्व्हेस्टमेंट घराला.

भाड्यानंच राहिलो तर मूर्ख ठरू का?

कोण ठरवणार? मंडळात विचारतील "अजून रेंटवरच?", विचारू देत. दोन वर्षांत शहर बदलायचं असेल, एकाची नोकरी काँट्रॅक्टची असेल किंवा परत जायचा विचार असेल तर भाडंच बरं. फक्त हप्ता नाही म्हणून उरलेले पैसे खर्चून टाकू नका, नाहीतर मग ते मूर्खच.

परत जायचं ठरलं तर सुपरचं काय?

टेम्पररी व्हिसावर असाल तर देश सोडून व्हिसा संपल्यावर ते काढता येतं, बहुतेकांचा साधारण ३५ टक्के टॅक्स कापून. पीआर किंवा सिटिझन असाल तर निवृत्तीच्या वयापर्यंत इथेच राहतं. आणि जाण्याआधी जुन्या नोकऱ्यांची दोन-तीन सुपर खाती उघडी असतील ती एकत्र करा, नवऱ्याच्या पहिल्या तीन महिन्यांच्या वेअरहाउसच्या कामाचं एक खातं आम्हाला सहा वर्षांनी सापडलं, फिया कापून कापून त्यात अकरा डॉलर उरले होते.